भरीव ठिपका

शनिवार, ४ फेब्रुवारी

चि. बारक्या,

कोणी गेलेलं नाही. आई ठणठणीत आहे, गुडघे सोडून. तुझे भाऊजी ठणठणीत आहेत, घोरणं सोडून. तीन वर्षांनी पाकिटावर माझं अक्षर बघून तुला भलतंच काही वाटलं असेल म्हणून हे आधी लिहिलं. आता बस खाली.

फोनच केला असता, पण तू माझा नंबर ब्लॉक केलायस. भाऊजींच्या फोनवरून लागतो आणि माझ्यावरून लागत नाही, एवढं मला कळतं. तुझ्या ऑफिसचा पत्ता आईच्या वहीतून उतरवून घेतला, तिला न विचारता.

काम छोटं आहे. आमच्या छापखान्यात एका बाईंचं जरा अडलंय. औषधाच्या खोक्यात घडी घातलेली चिठ्ठी असते ना, ती आम्ही छापतो, आणि छापण्याआधी आमच्या खोलीतले अकरा जण ती वाचून दुरुस्त करतात. आठ महिन्यांपूर्वी त्यासाठी नवा एडिटर आला. तुमच्याच कंपनीचा. जुना प्रोग्रॅम फाइल बंद करताना दरवेळी ‘सेव्ह करायचं का?’ म्हणून विचारायचा आणि आम्ही त्याच्या नावानं बोटं मोडायचो. हा काही म्हणता काही विचारत नाही. घुम्या आहे.

तर त्या बाईंनी शुक्रवारी संध्याकाळी एका चिठ्ठीत दुरुस्ती केली, फाइल बंद केली आणि घरी गेल्या. शनिवारी मशीनखात्यानं सर्व्हरवरून तीच फाइल घेऊन छापली, तर त्यात दुरुस्ती नाही. सोमवारी बाईंनी आपल्या टेबलावर ती उघडली, तर दुरुस्ती आहे. जागच्या जागी, स्वल्पविरामासकट. आता एकाच फाइलमध्ये दुरुस्ती आहे पण आणि नाही पण, हे कसं काय होतं? दोन ओळींत कळव. त्या बाई फार काळजीत आहेत.

ताई

ता. क. पेनानं लिहितेय. यात एक बरं असतं, लिहिलं की लिहिलं.


सोमवार, १३ फेब्रुवारी

बारक्या,

नऊ दिवस झाले, तुझं उत्तर नाही. बरोबरच आहे. अर्धवट पत्राला कोण उत्तर देईल.

ती बाई मी आहे. तू पहिल्याच ओळीत ओळखलं असशील. लहानपणी साखरेचा डबा मी उघडला की आईला माझ्या तोंडावरून कळायचं. मला खोटं बोलता येत नाही हे सगळ्या घराला ठाऊक आहे, आणि आता आरोप नेमका खोटं बोलण्याचा आहे.

सगळं सांगते. लहान मुलांच्या खोकल्याच्या औषधाची चिठ्ठी होती. मजकुरात ‘दोन चमचे’ आलं होतं, पाहिजे होतं ‘अर्धा चमचा’. शुक्रवारी, २७ जानेवारीला, पावणेसहाच्या सुमारास मी ते पकडलं आणि बदललं. मला स्वतःचं कौतुकही वाटलं. शनिवारी अठरा हजार चिठ्ठ्या छापल्या गेल्या, सगळ्या ‘दोन चमचे’वाल्या. औषध कंपनीच्या माणसानं सोमवारी सकाळी खोक्यांत भरण्याआधी एक उघडून वाचली म्हणून वाचलो. नाहीतर काय झालं असतं ते मी लिहीत नाही. त्या विचारानं माझी दोन आठवडे झोप उडाली आहे.

सोमवारी आमचे मुख्य तपासनीस माझ्या टेबलाशी आले. त्यांना सगळे भिंगसाहेब म्हणतात, खिशात कायम भिंग असतं म्हणून. म्हणाले, “ताई, दुरुस्ती राहिली तुमच्याकडून.” मी म्हटलं, “छे, केलीय, हे बघा.” आणि फाइल उघडली. दुरुस्ती होतीच. त्यांच्या तोंडावरचा रंग बघून मी घाबरले आणि घाबरून माणूस जे करतो ते केलं. परत कुठे नाहीशी होऊ नये म्हणून दोनदा सेव्ह दाबलं.

तिथेच घात झाला. कॉम्प्युटरवाल्यानं तपासलं तर फाइल सेव्ह झाल्याची वेळ सोमवार, अकरा वाजून दहा मिनिटं. म्हणजे छपाईच्या दोन दिवसांनंतर. भिंगसाहेबांनी कागदावर लिहून दिलं की चूक उघडकीला आल्यावर ताईंनी मागाहून दुरुस्ती केली आणि आधीच केली होती असं खोटं सांगितलं. मला घरी बसवलंय. २४ तारखेला चौकशी आहे. मुख्य कार्यालयातून कोणी अधिकारी बाई येणार आहेत.

नुसती चूक म्हणाले असते तर मी मान खाली घातली असती, बारक्या. सव्वीस वर्षांत चुका झाल्यात माझ्या, सगळ्या माझ्या सहीनिशी कबूल केल्यात. पण खोटारडी म्हणवून घेऊन मी त्या दारातून बाहेर पडणार नाही. नोकरी गेली तर गेली, नाव राहिलं पाहिजे.

आता तुझ्या-माझ्यातलं. आईच्या सत्तरीला तू सगळ्यांना फोनवर दाखवत होतास की त्या एडिटरमधल्या खुणा तू काढल्यास. आणि मी वीस माणसांत म्हणाले, “एवढं शिकून ठिपके काढतोस होय? आमच्याकडे बालवाडीतली पोरं काढतात.” सगळे हसले. तू ताटावरून उठलास. मी थट्टा केली होती, असं मी तीन वर्षं सगळ्यांना सांगत आलेय. बाकीचं पुन्हा कधीतरी.

आईला यातलं काही माहीत नाही. मी रजेवर आहे असं सांगितलंय. ती म्हणते, “रजेवर माणूस इतकी भांडी घासतं का?”

ताई


सोमवार, २० फेब्रुवारी

बारक्या,

तुझं पत्र मिळालं. पाच ओळी, टाइप केलेल्या. वर ‘प्रिय’ नाही, खाली नाव नाही. आणि मला ‘तुम्ही’ म्हणालास. गाढवा, तुला मी न्हाऊ घातलंय.

पण पत्र आलं. मी ते इतक्या वेळा वाचलंय की पाठ झालंय. फाइलच्या नावाशेजारी भरीव ठिपका दिसला तर बदल अजून सेव्ह झालेले नाहीत. सेव्ह झाले की ठिपका जाऊन तिथे फुली येते. सेव्ह न करता बंद केलं तरी एडिटर न विचारता ते बदल त्याच कॉम्प्युटरवर एका लपलेल्या फोल्डरमध्ये जपून ठेवतो आणि पुन्हा उघडलं की दाखवतो. सेव्ह केलं की ती लपलेली प्रत पुसली जाते. आणि शेवटी तू लिहिलंस, ‘ठिपक्याचा अर्थ उघड आहे.’

कोणाला रे उघड? आता नीट ऐक, तुझ्या ताईकडून.

आमच्या खोलीत, शिशाचे खिळे जुळवून छापायचे तेव्हापासून एक रीत आहे. प्रूफ वाचून झालं, सगळं बरोबर आहे, मशीनला द्या, असं असेल तर उजव्या कोपऱ्यात लाल पेन्सिलीनं भरीव ठिपका द्यायचा. चूक सापडली तर फुली मारून परत. मी सव्वीस वर्षांत लाखभर तरी ठिपके दिले असतील. तुझ्या एडिटरमध्ये नावाशेजारी ठिपका बघितला आणि आम्हा अकरा जणांना वाटलं, वा, कोणीतरी आपली पद्धत विचारून केलंय.

मग रोज काय होतं बघ. मी दुरुस्ती करते, सेव्ह दाबते, फुली येते. फुली म्हणजे आमच्या लेखी ‘परत बघ’. मी परत बघते. वाचणाऱ्या माणसाला परत बघितलं की काहीतरी सापडतंच. ते बदलते. ठिपका येतो. ठिपका म्हणजे ‘पास’. मी खूश होऊन बंद करते. तुझा घुम्या काही बोलत नाही. शेवटची दुरुस्ती, म्हणजे सगळ्यात बारीक नजरेनं केलेली, तेवढी नेमकी राहते.

आणि ते सेव्ह करायचं वरचं चौकोनी चित्र. निम्मी खोली त्याला कपाट म्हणते. सेव्ह झालं की ते फिकट पडतं, तेव्हा आम्हाला वाटतं कपाट बिघडलं. सेव्ह व्हायचं असलं की ते झळझळीत दिसतं, तेव्हा वाटतं आहे ठाकठीक. एका गल्लीत दोन पाट्या आणि दोन्ही उलट्या.

रात्रभर तुला शिव्या दिल्या. पहाटे डोक्यात प्रकाश पडला. माझी लपलेली प्रत मी माझ्याच हातानं पुसली, पण उरलेल्या दहा जणांचं काय? त्यांनीही ठिपका बघूनच फाइली बंद केल्यात. त्यांच्या कॉम्प्युटरवर अशा प्रती असणारच, तारखेसकट. तू तो फोल्डर कुठे असतो ते लिहिलंयस. तेवढं माझ्या हातात आहे.

पण हे आज कोणाला सांगितलं, तर भीतीनं सगळे पटापट सेव्ह दाबतील आणि पुरावा जाईल. नाही सांगितलं, तर या चार दिवसांत कुठली तरी चुकीची चिठ्ठी छापली जाईल आणि या वेळी खोकं उघडून वाचणारा कोणी नसेल. दुपारभर घरात येरझाऱ्या घातल्या. माझ्या नावापायी कोणाच्या लेकराच्या तोंडात चार पट औषध जाणार असेल, तर चुलीत गेलं ते नाव.

शेवटी मशीनखात्याच्या मुकादमाला फोन केला. म्हटलं, “दादा, शुक्रवारपर्यंत औषधाची एकही चिठ्ठी मशीनवर घेऊ नका. का ते विचारू नका.” ते म्हणाले, “आठ महिने बारीकसारीक चुका होतायत आणि माझ्या माणसांच्या नावावर चढतायत. भिंगसाहेब म्हणतात, आम्ही जुन्या फाइली छापतो. त्याच्याशी संबंध आहे का?” मी म्हटलं, “आहे.” ते म्हणाले, “मग कागद दमट आला असं सांगतो. शुक्रवारपर्यंत वाळत राहील.”

एवढंच. शुक्रवारी काय होईल ते होईल. तुझ्या पाच ओळींबद्दल उपकार मानत नाही, भावाचे मानायचे नसतात.

ताई


शनिवार, २५ फेब्रुवारी

बारक्या, बारक्या, बारक्या,

जिंकलो. आधी ते सांगून टाकते, कारण मला धीर निघत नाही. आता सावकाश वाच. चहा घेऊन वाच.

चौकशी मॅनेजरसाहेबांच्या केबिनमध्ये ठेवली होती. मी म्हटलं, मला काय सांगायचंय ते आमच्या खोलीतच सांगता येईल, तिथे चला. भिंगसाहेबांनी कपाळाला आठ्या घातल्या. अधिकारी बाई पांढऱ्या केसांच्या, कमी बोलणाऱ्या. म्हणाल्या, “चला की. बसून बसून पाय आखडलेत.”

खोलीत अकरा टेबलं, सगळी माणसं उभी, दारात मशीनखात्याचे मुकादम. मी सगळ्यांदेखत दोन फाइली उघडल्या. एकीत एक शब्द बदलून सेव्ह केलं. दुसरीत बदलला आणि तशीच ठेवली. नक्की काय केलं ते दिसू नये म्हणून स्क्रीन स्वतःकडे वळवली होती. मग ती त्यांच्याकडे फिरवली आणि म्हटलं, “साहेब, तुम्ही इथले मुख्य. यातली कुठली फाइल मशीनला द्यायला तयार आहे?”

भिंगसाहेबांनी भिंग काढलं. खरंच काढलं. वाकून म्हणाले, “हे काय विचारणं झालं? ही. ठिपका आलाय.” मी खोलीला विचारलं, “तुमचं काय म्हणणं?” सगळ्या माना हलल्या. मी मुकादमांना सांगितलं, आता तुमच्या टेबलावरून याच दोन फाइली घेऊन छापून आणा. ते दोन कागद घेऊन आले. ठिपकावालीत जुना शब्द. फुलीवालीत नवा.

अधिकारी बाईंनी दोन्ही कागद शेजारी धरले, स्क्रीन बघितली, परत कागद बघितले. म्हणाल्या, “ठिपका म्हणजे सेव्ह झालेलं नाही?”

मी म्हटलं, “नाही. आणि आम्ही अकरा जण आठ महिने उलटं समजतोय.”

मग मी कॉम्प्युटरवाल्याला तुझ्या पत्रातला फोल्डर दाखवला. पत्र तसंच पुढे केलं, पाच ओळींचं. बाई म्हणाल्या, एकेक टेबल तपासा, तोवर कोणी कशाला हात लावायचा नाही. पहिल्या टेबलावर दोन दुरुस्त्या निघाल्या. दुसऱ्यावर एक. तिसरं साफ. असं करत करत सात टेबलांवर मिळून तेरा दुरुस्त्या निघाल्या, सर्व्हरवर एकही पोचलेली नाही. त्यातल्या चार चिठ्ठ्या मुकादमांच्या त्या ‘दमट’ कागदावर चढायच्या होत्या.

शेवटचं टेबल भिंगसाहेबांचं. ते म्हणाले, “माझं राहू द्या, मी काळजीपूर्वक काम करतो.” बाई म्हणाल्या, “म्हणूनच बघू या.” डोळ्यांत घालायच्या थेंबांची चिठ्ठी निघाली, तीन आठवड्यांपूर्वीची. त्यांनी ‘दिवसातून तीनदा’चं ‘एकदा’ केलेलं. सर्व्हरवर अजून तीनदाच. मला हसू येईल असं वाटलं होतं, खरं सांगते, मी त्या क्षणाची वाट बघत होते. पण ते खुर्चीत बसले आणि त्यांनी भिंग काढून टेबलावर ठेवलं. मी पाण्याचा ग्लास पुढे केला.

तरी माझं एक राहिलंच होतं. भिंगसाहेबांच्या बाजूच्या एकानं विचारलंच, “सगळ्यांचं कळलं. पण ताईंनी शुक्रवारी दुरुस्ती केली याला पुरावा काय? यांची प्रत तर पुसली गेली.” मी म्हटलं, “नाही माझ्याकडे.”

तेव्हा कॉम्प्युटरवाला, जो सकाळपासून ‘हो’ आणि ‘नाही’ यापलीकडे बोलला नव्हता, तो म्हणाला, “थांबा. दर शनिवारी सकाळी सात वाजता सगळ्या कॉम्प्युटरांची नक्कल मागच्या खोलीतल्या डिस्कवर जाते. लपलेले फोल्डरसुद्धा. आजवर तिथे काय शोधायचं तेच माहीत नव्हतं.” आणि तो गेला. वीस मिनिटं लागली त्याला. मी भिंतीला टेकून उभी होते. मुकादम शेजारी येऊन उभे राहिले.

तो कागद घेऊन आला आणि थेट बाईंच्या हातात दिला. बाईंनी मोठ्यानं वाचलं. “शुक्रवार, सत्तावीस जानेवारी, पाच वाजून बेचाळीस मिनिटं. अर्धा चमचा.” मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, “तुम्ही पावणेसहा म्हणाला होतात. तीन मिनिटांची चूक आहे.”

सगळी खोली हसली रे. मी रडले. सव्वीस वर्षांत त्या खोलीत पहिल्यांदा रडले आणि मला त्याची लाज वाटली नाही.

बाईंनी विचारलं, “तुम्हाला काय हवंय?” मी म्हटलं, “जे कागदावर लिहिलं गेलं ते सगळ्यांसमोर तोंडानं खोडून हवंय.” भिंगसाहेब उठले. ज्या हातानं लिहिलं होतं तो हात छातीवर ठेवून म्हणाले, “ताई खरं बोलत होत्या. मी त्यांना खोटं ठरवलं, ते चुकलं.” माणूस वाईट नाही. तीस वर्षं नजरेवर भाकरी खाल्ली, आणि नजरच फसली. मी म्हटलं, “साहेब, झालं गेलं गंगेला मिळालं. आधी ते थेंब सेव्ह करा.”

आता ऐक, यातलं मी तुझ्यापासून लपवू शकले असते. निघताना बाईंनी विचारलं, “हा ठिपका काढला कोणी?” खोलीत कुजबुज झाली, कोण तो शहाणा म्हणून. मी गप्प राहिले असते तर कोणाला कळणार होतं? पण मी म्हणाले, “माझ्या धाकट्या भावानं. आणि आज ज्या पत्रामुळे इतक्या चुका पकडल्या गेल्या, तेही त्यानंच लिहिलंय. स्वतःच्या कामातली खोट दिसेल हे माहीत असून लिहिलंय.”

ते बोलताना मला कळलं की तुझ्या त्या ठिपक्यावर माझी नोकरी, माझं नाव, कुठल्या कुठल्या घरातली पोरं, सगळं उभं होतं. आणि मी वीस माणसांत म्हणाले होते, बालवाडीतली पोरं काढतात. ती थट्टा नव्हती, बारक्या. तू माझ्यापुढे गेलास आणि मला ते सोसलं नाही. मी जळत होते. चुकले मी. माफ कर.

आईला सगळं सांगितलं. ती म्हणाली, “मला माहीत होतं. भांडी आरशासारखी झाली होती.”

तुझी ताई


रविवार, १२ मार्च

चि. बारक्या,

तुझं पत्र आलं. सहा पानं, आणि पेनानं. तुझं अक्षर अजून कोंबडीच्या पायासारखंच आहे, पण आईला वाचून दाखवताना मी एकदाही अडखळले नाही.

तुमच्या पुढच्या आवृत्तीत नावाशेजारी शब्द येणार, वाचून बरं वाटलं. काय शब्द ठेवावेत म्हणून मला विचारलंस, तर मी सोमवारी खोलीतल्या सगळ्यांना विचारलं. दोन तास वाद झाला, अकरा मुद्रितशोधक म्हटल्यावर होणारच. शेवटी भिंगसाहेबांनी सुचवलं ते सगळ्यांना पटलं: ‘अजून सेव्ह नाही’. तीन शब्द. शोभेचं काही घालू नकोस त्यात. आणि बंद करताना विचारायला लाव त्याला. आम्ही बोटं मोडू, ते आमचं आम्ही बघू.

खोलीतल्या शेवटच्या सहीचं काम आता माझ्याकडे आलंय. भिंगसाहेबांनीच नाव दिलं. परवा पहिली सही केली तेव्हा मुकादम दारात उभे राहून म्हणाले, “ताई, आज कागद एकदम कोरडा आहे.”

तू विचारलंस, राग गेला का. तुझ्या पत्राचं चौथं पान मी आईला दोनदा वाचून दाखवलं. तुमच्या त्या मोठ्या मीटिंगमध्ये सगळे म्हणत होते की वापरणाऱ्यांना शिकवायला हवं, आणि तू उभा राहून म्हणालास, “चूक त्यांची नाही. ठिपका माझा आहे आणि तो चुकीचा आहे.” चाळीस माणसांत. मी असते तर माझी जीभ टाळूला चिकटली असती.

तू तुझ्या लोकांत माझ्यासाठी उभा राहिलास, मी माझ्या लोकांत तुझ्यासाठी. मी तुला हसले होते, तू माझा नंबर ब्लॉक केला होतास. फिटंफाट झाली. आता कारणं सांगू नकोस. येत्या रविवारी मुकाट्यानं घरी ये.

तुझी ताई